अध्यक्षांसाठी आणलेला हार

मी 'कॉलेजातून पास आउट झाले' म्हणते आणि तुम्ही फोनवर हसता. तिकडे परदेशात त्याचा अर्थ शुद्ध हरपणे, असं मला समजावता. बाळांनो, इंग्रजीपायी माझी शुद्ध खरोखर हरपायची वेळ एकदा आली होती.

दुष्काळाचं साल. नेकनूरजवळच्या आमच्या गावच्या दूध सोसायटीचे अध्यक्ष म्हणजे तुमचे पणजोबा, माझे मामंजी. जनावरांसाठी चारा छावणी मिळावी म्हणून सेक्रेटरींनी तहसीलला इंग्रजीत अर्ज धाडला. इंग्रजी शिकलेली मी घरातच होते, पण सुनेला कोण विचारतो?

दोन दिवसांनी फाइल लावताना अर्जाची कार्बन कॉपी हाती आली. पहिलीच ओळ, 'सॅड डिमाइज ऑफ अवर बिलव्ड चेअरमन.' आमच्या लाडक्या अध्यक्षांचं दुःखद निधन! मी कागद घेऊन बाहेर धावले. मामंजी ओसरीवर दाढी करत बसले होते.

निरोप धाडल्यावर सेक्रेटरी आले ते अगदी बिनघोर. "मांजरसुंब्याकडच्या एका सोसायटीनं असाच अर्ज केलता. त्यांना लगेच छावणी मिळाली. मी फक्त गावाचं नाव बदललं."

"अहो, त्यांचे अध्यक्ष खरंच वारले होते!" मी म्हणाले.

"असं हाय का? मला वाटलं, साहेबाला लिवायची रीतच असंल."

मामंजी आरशातूनच म्हणाले, "छावणी येईस्तोवर मला मेलेलाच राहू दे रं."

दुसऱ्या दिवशी दारात जीप थांबली. तहसीलचे साहेब झेंडूचा हार घेऊन उतरले आणि पडेल चेहऱ्यानं अंगणातल्या मामंजींनाच म्हणाले, "अध्यक्षांचं घर हेच ना? फार वाईट झालं."

"या साहेब. मीच अध्यक्ष."

साहेब लालबुंद झाले. "सरकारची थट्टा करता? छावणी विसरा आता!"

मी डोक्यावरचा पदर सावरत पुढे झाले, झालेला घोटाळा सांगू लागले. ते ऐकेनात. तरातरा वळले, तोच दावणीच्या गाईनं मान लांबवून त्यांच्या हातातला हार ओढला आणि दोऱ्यासकट खाऊन टाकला. मग त्यांचा रिकामा हात चाटू लागली.

साहेब तिच्या बरगड्यांकडे बघत राहिले.

"अशी किती जनावरं आहेत गावात?"

"चला, दावतो की," मामंजी म्हणाले.

गाव फिरून आल्यावर साहेबांनी नवा अर्ज मागितला. तो मी तिथंच ओसरीवर बसून मराठीत लिहिला. पहिली ओळ मामंजींनी सांगितली, "मी जिवंत आहे."