उत्तराला उठणारा माणूस

नांदेडहून फोन आला तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकाला पाइप मापून देत होते. पुतण्या दवाखान्यातून बोलत होता. "आत्या, बाबा गेले." मी माप पूर्ण केलं, पाइप कापून दिला आणि मग शटर ओढलं. हे ऐकून लोकांना बाई दगडाची वाटते. असेन. पण माझा थोरला भाऊ गेला म्हणून त्या माणसाच्या शेतातलं काम अडावं, हे अण्णालाही पटलं नसतं. दुसऱ्या दिवशी आम्हा लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणे त्याला बसवून माती दिली. पंधरा दिवसांनी गावात शोकसभा झाली. भाषणं चांगली झाली. शेवटी एक जुने आडते उठले आणि म्हणाले, "अण्णासाहेब लई साधा माणूस. खोटं कशाला बोलू? पन सभागृहात एक चूक केली आन् आपला जिल्हा हातचा गेला." सगळ्यांच्या माना हलल्या. मी पुढच्या रांगेत होते. माझीही हलली, सवयीनं. घरी आल्यावर मात्र जेवण गेलं नाही. ती चूक अण्णाची नव्हती, माझी होती. तेवढं सांगण्यासाठी लिहायला बसले आहे.

आमचं गाव जळकोटच्या अलीकडं. पाइप, मोटारी, केबल यांचं आमचं दुकान वडिलांपासूनचं. अण्णा राजकारणात गेला तसं ते माझ्याकडं आलं. मी लग्न केलं नाही, त्यामुळे दुकान आणि आई दोन्ही माझ्याच वाट्याला. अण्णा निवडून आला तो एका शब्दावर. आपला जिल्हा वेगळा करून आणतो. एका सहीसाठी लातूरला जायचं, साहेब फिरतीवर असले की तसंच परतायचं, यात आमच्याकडच्या माणसांचे किती दिवस गेले ते त्यांनाच माहीत. दुसऱ्या खेपेला तो राज्यमंत्री झाला, पाण्याच्या खात्याचा. गावानं फटाके उडवले ते त्या खात्यासाठी नव्हे. आता जिल्हा नक्की, म्हणून.

मंत्री झाल्यावर त्याला एक खोड लागली. सभागृहात मंत्र्यानं उत्तर द्यायचं तर उभं राहून द्यायचं, हा नियम. अण्णाच्या ती अंगातच भिनली. घरीही कुणी काही विचारलं की हा खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायचा आणि मग बोलायचा. आई पाटापाशी वैतागायची. "आरं बस की मेल्या! भाजी वाढू का म्हनून मायनं इचारलंय, आध्यक्षानं न्हाई." अण्णा अर्धवट उठलेला असायचा, तसाच म्हणायचा, "होय, हे खरे आहे. वाढ." लेखी उत्तरांची ती भाषा होती. होय, हे खरे आहे. हे खरे नाही. अंशतः खरे आहे. प्रश्न उद्भवत नाही. आम्ही हसायचो. त्या चार वाक्यांत माणूस सापडला की बाहेर येता येत नाही, हे तेव्हा आम्हाला कुठलं ठाऊक?

मग तो दुष्काळ आला. विहिरी तळाला गेल्या, टँकर आठवड्यानं यायला लागला. सरकार बोअरच्या खोलीवर मर्यादा घालणारा कायदा आणणार, ही बातमी फुटली आणि विधेयक मांडायच्या आधीच आमच्याकडं तामिळनाडूच्या बोअरच्या गाड्या दिवसरात्र फिरू लागल्या. कायदा यायच्या आत जेवढं खाली जाता येईल तेवढं जायचं, असा सगळ्यांचा हिशेब. माझ्या दुकानात केबल पुरत नव्हती. मी रोज बघत होते, शेजारचा खोल गेला, त्याच्या शेजारचा आणखी खोल गेला. आमची विहीर कोरडी. आई अंथरुणाला खिळलेली, तिचं धुणंपुसणं टँकरच्या पाण्यावर. मीही गाडीवाल्याशी बोलून ठेवलं. कायदा अजून झालेला नव्हता, म्हणजे मी बेकायदा काही करत नव्हते. अण्णाला मात्र सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो नको म्हणाला असता, हे मला पक्कं माहीत होतं.

त्याच आठवड्यात त्या विधेयकावर सभागृहात प्रश्न लागला. कॅबिनेट मंत्री परगावी, उत्तर अण्णानं द्यायचं. आदल्या दिवशी त्याचा फोन आला. उपप्रश्नांची तयारी तो स्वतः करायचा, सगळ्या बाजूंनी.

"गौरे, आपल्या रानात बोअरची गाडी-बिडी न्हाई ना लागली?"

"न्हाई," मी म्हणाले.

गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी यायची होती. म्हणजे त्या घटकेला माझं उत्तर खरंच होतं... असं मी स्वतःला पुढं बरीच वर्षं सांगितलं.

पुढचं मला त्याच्या स्वीय सहायकानं सांगितलं. प्रश्न पुकारला गेला, अण्णानं कायदा का हवा ते नीट समजावलं. मग विरोधी बाकावरून एक सदस्य उठले. "मंत्रिमहोदय जनतेला सांगतात खोल जाऊ नका. आज, आत्ता, त्यांच्या स्वतःच्या कुटुंबाच्या जमिनीत बोअर चालू आहे, हे खरे आहे काय?" बोअरच्या गाडीचा आवाज चार शेतं ओलांडून जातो. गावातून कुणीतरी सकाळीच कळवलं असणार. अशा वेळी अधिकाऱ्यांच्या गॅलरीतून मंत्र्याकडं चिठ्ठी येते. पण आमच्या रानाची माहिती कुठल्या अधिकाऱ्याकडं असणार? अण्णानं चिठ्ठीची वाट पाहिली नाही. तो उठला आणि म्हणाला, "अध्यक्ष महोदय, हे खरे नाही." माझ्या जिवावर म्हणाला.

संध्याकाळी फोन.

"गाडी आलती का?"

"आज आली."

तिकडं त्यानं खोलीचं दार लावून घेतलं, तेवढं ऐकू आलं.

"पाणी लागलं का?"

"लागलं."

"बरं," म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी तो गावाकडं आला. गाडीतून उतरून आधी रानात गेला, बोअरच्या तोंडापाशी उभा राहिला, मग घरी येऊन पुढच्या खोलीतल्या लाकडी खुर्चीत बसला. पक्षातल्या वरच्या माणसांनी त्याला सांगितलं होतं, गप राहा. जिल्ह्याचा प्रस्ताव वर पोचलेला आहे, सही तेवढी राहिली आहे, आणखी पंधरा दिवस काढ. मीही तेच म्हणाले. "गप बस की अण्णा. कोन येतंय मोजायला? जिल्हा तर होऊ दे."

तो म्हणाला, "गौरे, कार्यवाहीत छापलं गेलंय. माझ्या नावापुढं. हे खरे नाही."

"मग सांग, बहिणीनं खोटं सांगितलं म्हनून. मी काय निवडनुकीला उभी हाय व्हय?"

"बहिणीचं नाव सभागृहात घेऊ? आन् उद्या तू दुकान उघडशील? गिऱ्हाईक नळी मागंल का हिशेब मागंल?"

गप राहावं तर खोटं कायमचं छापलेलं. बोलावं तर जिल्हा जाणार. खरं कारण सांगावं तर मी उघडी पडणार. तिन्ही बाजूंनी भिंत होती आणि ती बांधणारी मी त्याच्यासमोर चहाचा कप धरून उभी होते. त्यानं चहा घेतला नाही.

पुढच्या सोमवारी त्यानं सभागृहात निवेदन केलं. पुरेशी माहिती न घेता उत्तर दिले, दोष सर्वस्वी माझा आहे. तीन ओळी. त्यात कुटुंब नाही, बहीण नाही. मग जे व्हायचं ते झालं. गदारोळ, कागद फाडणं, पेपरात मोटारीसकट बोअरचा फोटो. महिन्याभरात खातं गेलं. विधेयक समितीकडं गेलं ते तिकडंच राहिलं. जिल्ह्याची फाइल खाली आली ती आजवर वर गेलेली नाही. पुढच्या निवडणुकीत अण्णा पडला. आमच्याच गावानं पाडला. बोअर बुजवावी असं मला वाटलं होतं, त्यानं ऐकलं नाही. रस्त्याच्या कडेला चार नळ काढून दिले. तो सगळा उन्हाळा आमची आळी त्या बोअरवर पाणी भरत होती आणि घागर भरेपर्यंत अण्णाला नावं ठेवत होती. खिडकी बंद केली तरी ऐकू यायचं.

त्यानंतरची सगळी वर्षं त्यानं त्या खुर्चीत काढली म्हटलं तरी चालेल. सकाळी आंघोळ, इष्टलिंगाची पूजा, मग खुर्ची. येणारा-जाणारा दारातूनच विचारायचा, कुणी कळवळ्यानं, कुणी मुद्दाम डिवचायला. "काय अण्णासाहेब, जिल्ह्याचं काय झालं?" अण्णा हातांवर जोर देऊन उठायचा. गुडघे गेले होते तरी उठायचा. "माझ्या चुकीनं राहिलं." एवढं बोलून बसायचा. रोज, दोनदा-तीनदा. मी बाजूच्या दुकानात ऐकत असायचे. त्यानं मला शपथ वगैरे काही घातली नव्हती. एक दिवस दुकानातून उठून दारात येऊन बोलले असते तर संपलं असतं. पण मला दुकान चालवायचं होतं. आज एवढ्या वर्षांनी याला दुसरं नाव देऊन उपयोग नाही.

नांदेडला न्यायच्या आदल्या दिवशी मी त्याच्या पायाशी बसून बॅग भरत होते. औषधं, विभूतीची डबी, दोन पंचे. न बघताच विचारलं, "अण्णा, तू त्या दिवशी माझ्यावर चिडला व्हतास का रे?"

तोवर कोणताही प्रश्न आला आणि हा माणूस उठला नाही असं झालं नव्हतं. आदल्याच सकाळी, दुखतंय का म्हणून कंपाउंडरनं विचारलं तर भिंतीला धरून उठला होता. मी बॅगेची चेन लावली आणि वाट पाहिली. खुर्ची वाजली नाही. वर पाहिलं तर तो माझ्याकडं बघत होता, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर, आणि बसलेला... उठायची ताकद नव्हती, की हा प्रश्न सभागृहातला नाही असं त्याला वाटलं, मला कळलं नाही. मग म्हणाला, "पंचे तीन घे."

खुर्ची अजून पुढच्या खोलीत आहे. हातांची पुढची टोकं, जिथं तो तळवे टेकून उठायचा, तिथला रंग पार गेलाय, आतलं लाकूड दिसतं. पुतण्या म्हणतो पॉलिश करून घेऊ. मी नको म्हटलं. हा लेख छापून आला की गावातलं कुणी ना कुणी दारात येऊन विचारणारच, खरं का हे म्हणून. मी तिथंच बसलेली असेन. गुडघे माझेही दुखतात आता, पण उठून सांगेन.