जोडीनं ओलांडायचा रस्ता

आमच्या मराठी शाळेला बस नव्हती आणि त्याचं कुणाला काही वाटतही नव्हतं. चिक्कडपल्लीच्या गल्ल्यांतून पोरं पायी यायची, त्यातली बरीचशी माझ्याबरोबर. मी घरातून निघायची, पहिल्या फाटकाशी थांबून "चला रे" म्हणायची, मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. चौरस्त्याशी पोचेपर्यंत माझ्यामागं हे लांबलचक शेपूट. कुणाची वेणी अर्धीच घातलेली, कुणाच्या तोंडात अजून उपम्याचा घास. हे काम मला शाळेनं सांगितलेलं नव्हतं. आमच्या एका पोराला चौरस्त्यावर स्कूटर घासून गेली, तेव्हा मीच ते गळ्यात घेतलं. पगार मराठी आणि भूगोल शिकवायचा होता.

नियम एकच होता. जोडी नसलेल्यानं रस्त्यावर पाय ठेवायचा नाही. दोघादोघांनी हात धरायचे, फुटपाथच्या कडेला उभं राहायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, उजवीकडं बघा, डावीकडं बघा, पुन्हा उजवीकडं बघा. रिक्षावाले दात काढायचे. "टीचरम्मा की फौज आरी, ठैरो जी," असं एक जण रोज ओरडायचा, पण ठैरायचा मात्र. जोड्या लावून एखादं पोर उरलं की त्याची जोडी मी. माझा डावा हात त्याचा. उजव्या हातात पिशवी. उरण्यासाठी पोरं काय काय लबाड्या करायची! एकमेकांशी भांडण काढून जोडी मोडायची आणि मग साळसूदपणे माझ्या डाव्या बाजूला येऊन उभी राहायची. मला कळत नव्हतं थोडंच? पण मी बोलायची नाही.

मी लग्न केलेलं नाही. का नाही ती गोष्ट लांबलचक आहे आणि तिच्यात ऐकण्यासारखं काही नाही. आई-वडील होते तोवर त्यांचं करत होते, ते गेले, भाऊ पुण्याला गेला, मी दोन खोल्यांत राहिले. एकटं राहायची सवय होते म्हणतात. होत नाही. एकटीपुरता स्वयंपाक करायची सवय होते, एवढंच. दिवसभरात मला कुणी हात लावायचं तर ते सकाळी चौरस्त्यावर. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नसतं.

मग ते दिवस आले. घरोघर केबल आली, गल्लीत कुणाकुणाकडं नव्या गाड्या यायला लागल्या. आमच्यातली पुण्या-मुंबईकडून नव्यानं आलेली मंडळी तर मराठी शाळेकडं बघेनातच. पण पिढ्यान्‌पिढ्या इथं सरकारी नोकऱ्या केलेल्या जुन्या घरांनीसुद्धा पोरं इंग्रजी शाळांत घालायचा सपाटा लावला. टाय, बूट आणि दारात येणारी पिवळी बस. मला फाटकाशी थांबवून आया म्हणायच्या, "बाई, तुम्हाला तर माहितीच आहे, आजकाल इंग्लिशशिवाय..." मी म्हणायची, "माहीत आहे हो." आणि पुढच्या फाटकाकडं जायची. तिथंही तेच ऐकायला मिळायचं.

माझीच पोरं बसच्या खिडकीतून मला हात करायची. मी त्यांच्याकडं डोळे वटारून बघायची, कारण हात कोपरापर्यंत खिडकीबाहेर काढलेला असायचा. मी शिकवलेलं चार दिवसांत पुसलं जातं म्हणजे काय? पुढं पुढं त्यांनी हात करणं बंद केलं. तेही मला आवडलं नाही. मला दोन्ही बाजूंनी बोलता येतं, हे माझी आई म्हणायचीच.

शेवटी माझ्याबरोबर चालायला एक पोरगी उरली. सातवीत होती. उंचीनं माझ्या कानाशी आली होती. चिंचा खाऊन बोटं कायम चिकट, आणि गल्लीच्या तोंडापासून शाळेच्या फाटकापर्यंत एकच दगड पायानं ढकलत न्यायची खोड. फार बोलायची नाही. पण फुटपाथच्या कडेला आलो की तो चिकट हात आपण होऊन माझ्या हातात यायचा. एवढी मोठी झाली तरी तिला त्याची लाज वाटली नाही. दोघीच असलो तरी आम्ही ते मोठ्यानं म्हणायचो, उजवीकडं, डावीकडं, पुन्हा उजवीकडं.

आमची शाळा सातवीपर्यंतच. पुढची शाळा विद्यानगरला, म्हणजे चौरस्ता ओलांडून बरंच पुढं. पावसाळा संपता संपता एका सकाळी ती दगड न ढकलता चालत होती. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "बाई, मला जूनपासून मामाकडं पाठवणार आहेत. नांदेडला."

तिची आजी अंथरुणाला खिळलेली होती, आई घर सोडू शकत नव्हती. वडिलांना नव्या प्रायव्हेट कंपनीत नोकरी लागली होती आणि त्यांना न्यायला भल्या सकाळी गाडी यायची. पोरीला विद्यानगरला सोडणार कोण? त्यांनी आपल्या परीनं उत्तर काढलं होतं. मामा चांगला होता, शाळा त्याच्या घरासमोर होती. पोरगी एवढंच म्हणाली, "आई एकटी काय करेल? आजीला उचलायला दोघी लागतात." आणि माझ्याकडं न बघता पुढं चालायला लागली.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. बोलावलेलं नव्हतं. वडील म्हणाले, "बाई, तुम्हीच सांगा. रिक्षात पोरं कोंबतात, अर्धी बाहेर लोंबतात. सिटी बसला आत शिरायला जागा नाही. काय करू मी?"

"सायकल," मी म्हटलं.

"ह्या ट्रॅफिकमध्ये? मुलीला?"

"मग मुलीला काय पालखी पाहिजे?"

आतल्या खोलीतून तिची आई आली, हाताला औषधाचा वास. हळूच म्हणाली, "तुम्ही शिकवाल?"

शिकवीन तर काय! मी स्वतः कॉलेजला सायकलनं जायची. माणसं वळून वळून बघायची, बघू देत. मग वडील म्हणाले, "वार्षिक परीक्षेच्या आत ही चौरस्ता एकटीनं पार करताना मी माझ्या डोळ्यांनी बघेन. जमलं तर राहील. नाही जमलं तर नांदेड." पोरगी दाराआड उभी होती, तिनं सगळं ऐकलं.

खरं सांगायचं तर घरी परत येताना मला माझाच राग आला. सायकल आली की ती माझ्याबरोबर कशाला चालेल? नांदेडला गेली तरी माझा हात रिकामा, विद्यानगरला गेली तरी रिकामा. पण विद्यानगरहून ती संध्याकाळी आपल्या आईपाशी परत येणार होती. हे एवढं मला कळत होतं, आणि कळलं म्हणून काही बरं वाटत नव्हतं.

तिच्या एका चुलत बहिणीची जुनी लेडीज सायकल मिळाली. रविवारी सकाळी आम्ही ती हातानं ढकलत युनिव्हर्सिटीच्या रस्त्यांवर न्यायचो. तिथं झाडं आणि फिरायला आलेले म्हातारे, बाकी कुणी नाही. मी कॅरिअर धरून मागं धावायची, आणि एका म्हाताऱ्यानं "अम्मा, जरा हल्लू, तुम गिर जाते," असं मलाच बजावलं. पोरगी फार लवकर शिकली. तोल तिच्या अंगातच होता. शिकवायचं होतं ते रस्त्याचं. डाव्या कडेनं जायचं. वळायच्या आधी हात दाखवायचा, उगीच मान वळवून मागं बघायचं नाही. आणि ओळखीचं कुणीही दिसलं तरी हँडलवरचा हात सोडून टाटा करायचा नाही.

"तुम्ही दिसलात तरी?" तिनं विचारलं.

"मी दिसले तर मुळीच नाही. मी कुठं पळून जाते?"

ती हसली. दसऱ्यापर्यंत ती गल्लीतल्या गल्लीत दूध आणायला सायकलवर जायला लागली. बॉलमागं धावणाऱ्या पोरांना ओलांडून, खड्डा चुकवून, घंटी न वाजवता. मी खिडकीतून बघायची आणि चुका शोधायची, सापडायच्या नाहीत.

दसऱ्याला वडील बेगम बाजारात सामान भरायला गेले आणि येताना झेंडूचा हा मोठा हार घेऊन आले. दसऱ्याला वाहनांची पूजा करायची आपली पद्धतच आहे. सायकल धुऊन पुसून अंगणात उभी केली, हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला. हँडलला वडिलांनी आपल्या हातानं तो हार बांधला, वर लिंबू-मिरची. घरात गाडी नव्हती, तेव्हा गाडीचा सगळा मान सायकलला. पोरगी सुखरूप राहावी म्हणूनच ना सगळं? आणि पुजलेला हार वाळेपर्यंत काढायचा नाही, हे तर आपल्याकडं पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक.

तो वाळायला लागला आणि लोंबायला लागला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या सुट्टीतच, गल्लीच्या तोंडाशी तो पुढच्या चाकात गेला. चाक जागच्या जागी थांबलं आणि पोरगी हँडलवरून पुढं पडली. हनुवटी फुटली, टाके पडले.

मी गेले तेव्हा सायकल जिन्याखाली साखळीनं बांधलेली होती. पोरगी तोंडाला पट्टी बांधून बसली होती, बोलता येत नव्हतं. वडील म्हणाले, "बाई, माफ करा. संपला विषय. मामाला फोन केला मी."

एरवी मी तावातावानं बोलले असते. पण मी जिन्याखाली वाकले. आरे रंगलेले, आणि पुढच्या चाकाच्या आसाभोवती हाराचा दोरा घट्ट गुंडाळलेला, पाकळ्या चिकटलेल्या. मिरचीसुद्धा होती. मी त्यांना बोलावलं आणि म्हटलं, "बघा. चोर सोडून संन्याशाला फाशी देताय तुम्ही. ट्रॅफिकनं नाही पाडली हिला, खड्ड्यानं नाही, हिच्या चुकीनंही नाही. झेंडूनं पाडली."

ते बसले आणि नखानं तो दोरा सोडवायला लागले. सुटेना. बराच वेळ खटपट करून म्हणाले, "दुकानदार म्हणाला पातळ हार घ्या. मीच म्हटलं, नको, जाड दे. पोरगी रस्त्यावर जाणार आहे." बाप माणूस. मला त्यांच्यावर रागवायचं होतं ते जमलं नाही. अति तिथं माती, ही म्हण तोंडावर आली होती ती गिळली. तिच्या आईनं कात्री आणून दिली, त्यांनी दोरा कापला, आणि साखळीची किल्ली पोरीच्या मांडीवर ठेवली.

परीक्षेच्या आधी एका सकाळी ते चौरस्त्याच्या अलीकडं उभे राहिले, मी पलीकडं. बसा, रिक्षा, स्कूटर, नेहमीचा गोंधळ. ती कडेला उतरली, थांबली, तिचे ओठ हलताना मला पलीकडून दिसले. मग जागा मिळताच सायकलवर बसून सरळ पार आली. कंपनीची गाडी त्या दिवशी वडिलांना न घेताच कधीची निघून गेली होती. ते रस्ता ओलांडून आमच्यापाशी आले, तिच्या हनुवटीवरच्या खुणेकडं बघितलं आणि "ठीक आहे," एवढंच म्हणाले. ती माझ्या पिशवीत तोंड लपवून रडली. त्या दिवशी शाळेत आम्ही सायकल मध्ये धरून चालत गेलो.

उन्हाळ्याची सुट्टी मला कधीच आवडत नाही, त्या वर्षीची तर अजिबात संपेना.

जूनमध्ये शाळा सुरू झाली त्या दिवशी मी लवकर निघाले. कुठल्याच फाटकाशी थांबायचं नव्हतं, तरी पाय थांबत होते. एका फाटकातून नवीन आलेली बाई म्हणाली, "कोण पाहिजे?" मी म्हटलं, कुणी नाही. चौरस्त्याशी बंद दुकानाच्या पायरीपाशी जाऊन उभी राहिले. ती येणार हे मला ठाऊक होतं, म्हणूनच आले होते.

ती आली. नवा गणवेश, दोन वेण्या, डाव्या कडेनं, दोन्ही हात हँडलवर. माझा हात वर निघाला. मी तो मुकाट्यानं पदराखाली घेतला, उगीच तिचं लक्ष जायला नको. तिनं मला बघितलं होतं, मला शंका नाही, कारण तिची पाठ एकदम ताठ झाली. पण मान वळली नाही, हात सुटला नाही. चौरस्त्याशी थांबली, ओठ हलले, आणि ती बसच्या मागून विद्यानगरच्या रस्त्याला लागली. एकसुद्धा चूक नाही. मला इतका आनंद झाला आणि इतकं वाईट वाटलं की त्या पायरीवर जरा बसावं लागलं.

मग शाळेची वेळ झाली म्हणून उठले. फुटपाथच्या कडेला येऊन थांबले आणि पिशवी उजव्या हातात घेऊन डावा हात बाजूला पुढं केला. तो तसाच राहिला थोडा वेळ. रिक्षावाला थांबला होता, रोजचाच. तो आज काही ओरडला नाही. मी हात खाली घेतला, उजवीकडं बघितलं, डावीकडं बघितलं, पुन्हा उजवीकडं बघितलं, आणि एकटीनं रस्ता ओलांडला.