कॉरिडॉरमधले सौदे

"बाबा, आम्हाला एक दुष्ट माणूस हवाय," मुलीने फोनवर सांगितलं. "मी तुमचं नाव दिलंय."

ती तेव्हा जर्मनीत, रेगेन्सबर्गला शिकत होती. फ्रेंच चांगलं असल्यामुळे आफ्रिकेतल्या हवामान-न्यायासाठी लढणाऱ्या संघटनांच्या एका जाळ्यासाठी दुभाष्याचं काम करत होती. २००९चा उन्हाळा होता. डिसेंबरात कोपनहेगनला जगभरच्या सरकारांची हवामान परिषद भरणार होती. त्याआधी या मंडळींनी डोनाऊ, म्हणजे डॅन्यूब नदीच्या काठावरच्या एका सेमिनार-हाउसमध्ये तीन दिवस बसून धोरण ठरवायचं आणि आपली टीम पक्की करायची, असा बेत होता. खर्च एका जर्मन संस्थेचा. मधल्या दिवशी खोट्या वाटाघाटींचा सराव होता आणि त्यात श्रीमंत देशांच्या खुर्चीत बसायला कोणीतरी मुरलेलं हवं होतं.

मी मुरलेला होतोच. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या खरेदी विभागात मी अगदी खालच्या टेबलावर लागलो आणि पुरवठादारांना घाम फोडणारा माणूस म्हणून नाव कमावलं. पण विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी झाली तेव्हा ती मीच शिकवून तयार केलेल्या माणसाला मिळाली. "तुमचा स्वभाव जरा गरम आहे," असं मला सांगण्यात आलं. अरे, स्वभाव गरम होता म्हणून तर समोरचे भाव उतरवत होते! राजीनामा टाकला, फ्रँकफर्टजवळ एश्बॉर्नला एका खोलीचं ऑफिस थाटलं आणि लोकांना वाटाघाटी शिकवायला लागलो. राग मात्र गेला नाही. आजही गेलेला नाही.

"फी?" मी मुलीला विचारलं.

"नाही."

"मग माझ्या अटी. अख्खा दिवस माझा. मध्ये कोणी लुडबुड करायची नाही. आणि भिंतीवर रंगीत कार्डं टोचायची नाहीत."

"बाबा, मी तुमची मुलगी आहे, सप्लायर नाही."

"म्हणून तर तीनच अटी."

आदल्या दिवशी दुपारी पोचलो तर हिरवळीवर टीम बिल्डिंग चाललं होतं. जर्मन प्रशिक्षक सगळ्यांना जोड्या करायला सांगत होता. एकाने डोळे मिटून मागे पडायचं आणि दुसऱ्याने झेलायचं, म्हणजे विश्वास वाढतो. जाळ्याची समन्वयक, केनियातली पन्नाशीची बाई, हातांची घडी घालून उभी होती. आपल्या जोडीदारणीकडे बोट दाखवून ती त्याला इंग्रजीत म्हणाली, "बाळा, हिच्याबरोबर मी मोर्च्यात लाठ्या खाल्ल्यात. आता गवतावर पडून आणखी काय कळणार?" सगळे हसले. प्रशिक्षकही हसला, पण व्यायाम काही सोडला नाही.

जेवणाच्या वेळी मात्र खरी गोष्ट दिसली. इंग्रजी बोलणारे एका टेबलावर, फ्रेंच बोलणारे दुसऱ्यावर. मधली टेबलं रिकामी. मुलीने कॉफी ओतता ओतता मला समजावलं. पश्चिम आफ्रिकेतल्या संघटनांना वाटत होतं की सगळे निर्णय इंग्रजीवाले आपसात घेतात आणि यांना नंतर कळवतात. तीन दिवसांत हे सुटलं नाही तर त्या बाहेर पडणार होत्या. कोपनहेगनला मग अर्धंच जाळं गेलं असतं आणि अर्ध्या जाळ्याला कोण विचारतं? केनियाच्या बाईने वर्षानुवर्षं गावोगाव हिंडून हे उभं केलं होतं. तिच्या ताटातला भात तसाच होता.

फ्रेंच टेबलाची पुढारी सेनेगलची होती. किनाऱ्यावर मासे धुरी देऊन वाळवणाऱ्या बायकांची संघटना तिने बांधली होती. उंच, अंगावर पिवळा झगा, आवाज असा की खोलीच्या त्या टोकालाही शब्द कळावा. माझ्याकडे बघून तिने मुलीला काहीतरी विचारलं.

"काय म्हणते?"

"विचारतेय, हाच का तो दुष्ट? दिसतो तर मास्तरासारखा."

मला चेव आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेबलाच्या एका बाजूला एकटा बसलो आणि ते सगळे समोर. पहिला तासभर मी नुसती सभ्य टाळाटाळ केली. मग चहाची सुट्टी जाहीर केली आणि कामाला लागलो. आमच्या धंद्यात खरा सौदा टेबलावर होतच नाही. केनियाच्या बाईला खिडकीपाशी गाठून दुष्काळासाठी वेगळा निधी देऊ केला, मात्र आत्ताच कुणाला सांगू नका म्हटलं. दक्षिण आफ्रिकेच्या माणसाला जिन्यात सौरऊर्जेचं आमिष दाखवलं. सेनेगलच्या बाईला मुलीमार्फत सांगितलं, तुमच्या किनाऱ्याला समुद्रभिंत मिळेल, फक्त बाकीच्यांच्या मागण्यांवर जरा गप्प राहा. प्रत्येकाने ऐकून घेतलं आणि मान डोलावली. प्रत्येकाला वाटलं, आपल्या माणसांसाठी निदान एवढं तरी पदरात पडतंय.

सुट्टी संपली. मी उभा राहिलो आणि कोणाला काय देऊ केलं, कोण कशाला हो म्हणालं, ते सगळं मोठ्याने सांगून टाकलं. "बघा! एका चहात तुम्ही फुटलात!"

मला वाटलं होतं, हसतील, शहाणे होतील. पण एकदम गदारोळ उठला. सेनेगलची बाई उभी राहून केनियाच्या बाईवर बोट रोखून तडातड बोलत होती. मुलगी भाषांतर करता करता पांढरी पडली. "म्हणतेय, गेल्या बैठकीत तुम्ही आमच्याशी हेच केलंत. असेच कोपऱ्यात ठरवून आलात. हा माणूस नाटक करतोय, तुम्ही खरं केलंत."

फ्रेंच टेबलावरची माणसं उठून चालू लागली.

"बाबा, श्लुस! बास!" मुलगी माझ्यावर उखडली. "तुम्हाला जिंकायलाच हवं होतं का? इथेसुद्धा?"

बाहेर जाऊन पाण्याच्या काठाशी उभा राहिलो. थोड्या वेळाने सेनेगलची बाई तिथे आली, मागोमाग मुलगी. बाईचा राग ओसरला नव्हता, पण ती माझ्याकडे कुतूहलाने बघत होती.

"हे कुठे शिकलास?" तिने विचारलं.

मी खरेदी विभागाचं सांगितलं. कोणत्या पुरवठादाराला कसं बाजूला घ्यायचं, दुसऱ्याला त्याचा पत्ता कसा लागू द्यायचा नाही, तेही सांगितलं. बोलता बोलता खुर्चीची गोष्टही तोंडातून गेली. मुलीने ती कधी माझ्या तोंडून पूर्ण ऐकली नव्हती. तिने मान खाली घालून फ्रेंचमध्ये सांगितली.

बाई खो खो हसली. "मग तुझी खुर्चीसुद्धा कॉरिडॉरमध्येच वाटली गेली की! तूच रस्ता बनवलास आणि ते त्यावरून गेले."

मला चटका बसला. ती मात्र पुढे सांगू लागली. तिच्या किनाऱ्यावर मासे घ्यायला येणारे व्यापारी असंच करायचे. एकेका बाईला होडीआड घेऊन भाव सांगायचे, वर बजावायचे की शेजारणीला बोलू नकोस. शेवटी बायकांनी नियम केला. कानात आलेलं सगळं किनाऱ्यावर मोठ्याने सांगायचं आणि ते सांगून होईपर्यंत हो किंवा नाही म्हणायचंच नाही. न सांगणारीला त्या दिवशी बाकीच्या बायका आपल्याबरोबर मासे विकू देत नाहीत.

"मग आत जाऊन हेच सांगा ना!" मी जवळजवळ ओरडलो. "माझ्यावर चालवून बघा!"

"चालवतेच," ती म्हणाली. "पण आम्हाला मुद्दाम जिंकू देऊ नकोस हं. खरं लढ."

दुपारी सगळे परत बसले. फ्रेंच मंडळी दाराजवळ, सामान आवरूनच आली होती. नियम दोन्ही भाषांत सांगितला गेला. मी पुन्हा सुट्टी घेतली आणि पुन्हा एकेकाला गाठलं. केनियाच्या बाईच्या कानात मी अख्खा निधी दुप्पट केला. तिने शांतपणे मान हलवली, खोलीच्या मध्यभागी गेली आणि माझ्या शब्दांत, माझ्या आवाजाची नक्कल करत, सगळं सांगून टाकलं. तिच्यापाठोपाठ दक्षिण आफ्रिकेचा माणूस आला. मग मालीचा. जिन्यातलं, खिडकीतलं, अगदी बाथरूमच्या दारातलंही सगळं खोलीत येऊन पडत होतं. माझ्याकडे लपवायला जागा उरली नाही. एकाला दिलेलं दुसऱ्याला नाकारावं कसं? मी वाढवत गेलो. भाव वर गेला तसा माझा पाराही चढला.

"हे असं चालत नाही!" मी टेबलावर हात आपटून ओरडलो, आणि तेही मराठीत. "कुणाशीतरी एकट्याशी बोलू द्या! तुमच्यात साहेब कोण आहे?"

मुलगी खुर्चीवर चढली आणि तिने हे वाक्य आधी इंग्रजीत, मग फ्रेंचमध्ये मोठ्याने सांगितलं. खोली हास्याने दणाणली. "नियम म्हणजे नियम, बाबा," ती म्हणाली. "गेनाऊ! अगदी तसंच!"

शेवटी मी सगळ्या गटाला मिळून एकच प्रस्ताव दिला, सकाळी कुणालाच दिला नसता असा. काय सांगू, हरतानाही अंगावर काटा आला. इतक्या वर्षांत मला कोणी असं कोंडीत पकडलं नव्हतं.

टाळ्या थांबल्यावर केनियाची बाई उठली. तिचा चेहरा गंभीर होता.

"आता माझ्या कानातलं," ती म्हणाली. "गेल्या बैठकीआधी पैसे देणाऱ्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की कोपनहेगनला इंग्रजी बोलणारेच न्या, दुभाष्यांची भानगड नको. मी हो म्हणाले. तुम्हाला सांगितलं नाही. जाळं टिकावं म्हणून केलं, असं मी स्वतःला समजावलं."

मुलीने ते हळू, एकेक शब्द जपून फ्रेंचमध्ये सांगितलं. जर्मन संस्थेचा माणूस मागच्या रांगेत बूट न्याहाळत होता. सेनेगलच्या बाईच्या माणसांपैकी कोणी तिच्याकडे बघत नव्हतं, सगळे केनियाच्या बाईकडे बघत होते. मग सेनेगलची बाई आपली खुर्ची उचलून मध्ये घेऊन आली.

"आम्ही राहतो," ती म्हणाली. "पण तिथलं पहिलं भाषण फ्रेंचमध्ये."

"मान्य."

"आणि ते मी करणार."

केनियाची बाई थबकली. ते भाषण तिचं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. "मान्य," ती म्हणाली.

मी सेनेगलच्या बाईच्या जागी असतो तर तिथेच थांबलो असतो. एवढं मिळाल्यावर शहाणा माणूस हात मिळवतो आणि उठतो. ती उठली नाही. तिने खुर्ची आणखी पुढे सरकवली.

"दुभाषे फक्त सभागृहात नकोत. जेवताना, बसमध्ये, हॉटेलात, जिथे म्हणून तुम्ही बोलाल तिथे."

केनियाच्या बाईने मागच्या रांगेतल्या जर्मन माणसाला बोटाने खूण केली. "इकडे ये," ती म्हणाली. "नाही, माझ्या कानात नको. इथे मध्ये उभा राहा आणि सगळ्यांना ऐकू येईल असं सांग, हे जमेल की नाही."

तो आला. घसा खाकरून त्याने पहिल्यांदा जर्मनमध्येच "या", म्हणजे "हो", म्हटलं, आणि मुलीने ते दोन्ही भाषांत सांगितलं.