बोटांतली कणी

उजव्या तर्जनीच्या टोकाला तांदळाच्या कणीएवढी पांढरी गाठ आली, तेव्हा मला वाटलं काच शिरली असेल. स्क्लेरोडर्मा आहे हे कळून वर्ष झालं होतं. कातडी ताठरते, गारठ्यात बोटं निळी पडतात, हे अंगवळणी पडलं होतं. पण ही कणी फुटली आणि आतून ओल्या खडूसारखं काहीतरी बाहेर आलं. वरणभात कालवतानाही डोळ्यांत पाणी यायचं. बोटं कायमची जातात की काय, या धास्तीनं माझी झोप उडाली.

"कातडीत कॅल्शियम साठतंय," परळच्या दवाखान्यात सांगितलं. सासूबाईंनी तो शब्द पकडला आणि घरात आणीबाणी पुकारली.

त्या मूळच्या मालवणच्या, संसार सगळा घोडपदेवच्या चाळीत. तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, एका शिंपीसकट केलेलं एकशिपी कालवण करावं तर त्यांनीच. पण पहिला संशय तिसऱ्यांवरच. "इतकी वर्सां शिंपल्यो चोखलंस, त्योच बोटात उतारल्यो," असा निकाल लागला. मग काट्यासकट खायची मांदेली गेली, दूध गेलं, नाचणीची भाकरी गेली. श्रावण संपला, पण आमच्या घरातला काही संपेना. नवरा गुपचूप बाहेर मासे खाऊन यायचा आणि साळसूदपणे दोडक्याची भाजी चिवडत बसायचा. मी मात्र जाम चिडायचे. आधीच बोटांनी छळलेलं, त्यात जिभेवर पहारा!

पुढच्या तपासणीला सासूबाई हट्टानं बरोबर आल्या. काय काय बंद केलं ते डॉक्टरीणबाईंना अगदी अभिमानानं सांगितलं. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकारच.

"आजी, खाण्याचा काही संबंध नाही. हिच्या रक्तातलं कॅल्शियम ठीक आहे. आजारानं कातडी आतून दुखावते, तिथे ते साठतं. सगळं खाऊ द्या तिला. बोटं उबदार ठेवा, जखम स्वच्छ ठेवा."

"मगे ह्यां जातला कधी?"

"खात्रीनं विरघळवेल असं औषध आज तरी नाही, आजी."

मी जिंकले होते. बघा, सांगत नव्हते, अशा तोऱ्यात मी सासूबाईंकडे वळले. त्या माझ्या पट्टी बांधलेल्या बोटाकडे बघत होत्या.

"मगे आता मी काय बंद करू गो?" त्यांनी मलाच विचारलं.

मला तिथेच रडू फुटलं.