सदतिसावी रिकामी जागा

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर कोणीच नसतं. वीज कार्यालयाचा तिसरा मजला. दोन खिडक्या, त्यांतली एक कायमची अडकलेली. राखाडी कपाट, त्यावर सुतळीने बांधलेले कागदांचे गठ्ठे. दर फेरीला कण्हणारा पंखा. कोपऱ्यात टेबल, टेबलावर संगणक. मग डावीकडून एक बाई येते. खांद्यावर जड पिशवी. बसण्याआधी ती खुर्चीच्या पाठीला धरून जरा थांबते, दम घेते आणि मगच टेकते. ही माझी धाकटी बहीण. चौतीस वर्षं तिने हा एकच प्रवेश केला, रोज, टाळ्यांशिवाय.

मी जन्मभर नाटकात होतो. राजे केले, चोर केले, एकदा तर आयत्या वेळी सासूही केली. आता गुडघे गेले, कंपनीही गेली. धाकटीकडे राहतो आणि दुपारी तिचा डबा पोचवतो. कार्यालयात दाराजवळची खुर्ची माझीच, असं सगळे धरून चालत. पिशवीला मात्र तिने मला कधी हात लावू दिला नाही. म्हणायची, "नाटकवाल्याच्या हाती वस्तू दिली की ती तिसऱ्या अंकात सापडते."

कार्यालयात तिला तक्तेबाई म्हणत. शहरातल्या प्रत्येक घराची नोंद तिच्याकडच्या संगणकात, तक्त्यांत मांडलेली. तक्त्यात कॉलम, आणि कॉलमांची नावं अशी की ऐकून काही बोध होऊ नये. 'डी चार'. 'के एल दोन'. म्हणून प्रत्येक कॉलमपुढे त्याचं वर्णन लिहायची सोय असते. विचारलं की संगणक यादी काढून देतो: हा तक्ता, हा कॉलम, हे त्याचं वर्णन. आमच्या कंपनीत सामानाच्या पेट्यांना झाकणाच्या आतून चिठ्ठी चिकटवलेली असे, तसंच हे. मुक्काम हलवताना चिठ्ठी वाचून सामान भरायचं. चिठ्ठीत नसलेलं मागे राहायचं. माझी एक फार चांगली दाढी अशीच मागे राहिली.

धाकटीच्या निवृत्तीला चार दिवस उरले होते. कार्यालयात सोमवारपासून नवी यंत्रणा येत होती, आणि जुन्यातलं काय काय नव्यात न्यायचं ते या यादीवरून ठरणार होतं. यादीत असेल ते जाणार, बाकीचं पुसलं जाणार. यादी काढायला बाहेरच्या कंपनीचा एक टकला, चष्मेवाला गृहस्थ आला होता. धाकटी दोन दिवस तापाने घरी होती, तेवढ्यात त्याने यादी काढली, साहेबांची सही घेतली आणि वर पाठवूनही दिली.

मी डबा घेऊन पोचलो तेव्हा साहेब यादी हातात धरून उभे होते. "बाई, बाराशे चौऱ्याऐंशी कॉलम, आणि एकाही वर्णनाची जागा रिकामी नाही! अशी नोंद मी कुठे पाहिली नाही."

धाकटीने पानं उलटली. एकदा, मग परत एकदा. तापात उतरला नव्हता इतका तिचा चेहरा उतरला.

"साहेब, एक तरी जागा रिकामी असायला हवी होती," ती म्हणाली. "मीच ठेवलीय."

चष्मेवाला हसला. "अहो बाई, संगणक कशाला खोटं बोलेल?"

"तो खोटं बोलत नाही. तुम्ही त्याला काय विचारलंत? वर्णन असलेले कॉलम दाखव. त्याने तेवढेच दाखवले. ज्यांना वर्णन नाही त्यांना तो कशाला बोलावेल?"

तिने खुर्चीवर बसून दोन ओळी बदलल्या. आधी सगळे कॉलम घे, मग वर्णन असेल तर पुढे लिही, नसेल तर जागा कोरी सोड. यादी पुन्हा निघाली. तेराशे एकवीस. सदतीस जागा रिकाम्या. छत्तीस जुन्या, कुणालाच नको असलेल्या. सदतिसाव्या जागेपुढे कॉलमचं नाव होतं 'एम सात'.

त्या 'एम सात'ची गोष्ट मला माहीत होती. अकरा वर्षांपूर्वी एक वायरमन तिच्याकडे आला होता. खांबावर सरसर चढणारा माणूस, पण जिना चढून वर आला आणि दारातच बसला. दुरुस्तीसाठी त्याने एका गल्लीची वीज बंद केली होती. त्यातल्या एका घरात एक आजोबा श्वासाच्या मशीनवर होते. शेजाऱ्यांनी धावत येऊन सांगितलं म्हणून वाचले. "बाई, मला आधी कळायला पाहिजे होतं हो," एवढंच वायरमन म्हणत होता. धाकटीने त्याच दुपारी तक्त्यात एक कॉलम वाढवला आणि त्या घरापुढे खूण केली. परवानगीचा अर्ज करायचा तर तीन महिने लागले असते. वर्णन लिहिलं असतं तर तपासणीत पकडली गेली असती. म्हणून जागा कोरी सोडली, मागून लिहू म्हणून. ते मागून अकरा वर्षं आलंच नाही. आज एकशे त्रेचाळीस घरांपुढे ती खूण होती. वीज घालवण्याआधी फोनवाली मुलगी त्या घरांना कळवायची. हे सगळं तोंडी चाललेलं. यादी तशीच राहिली असती तर सोमवारपासून कुणालाच फोन गेला नसता.

साहेबांनी दार लोटून घेतलं. "यादी परत मागवायची तर लेखी कारण द्यावं लागेल. कॉलम कुणी केला, कुणाच्या परवानगीने. तुमच्या फाइलवर चौतीस वर्षांत एक शेरा नाही, बाई. चार दिवस राहिलेत. नंतर बघू ना."

"नंतर कोण बघणार?"

चष्मेवाल्याने घसा साफ केला. "ते आधीचे हेडक्लार्क वारले ना? त्यांचं नाव टाका की."

"राहू द्या हो," धाकटी म्हणाली. "आयुष्यभर त्यांना रजा मिळाली नाही. आता मिळालीय तर घेऊ द्या."

संध्याकाळी ती घरी कपड्यांच्या घड्या घालत होती. मी म्हटलं, "धाकटे, उद्याची तालीम करून घे. मी साहेब होतो." आणि छाती फुगवून गरजलो, "कुणाच्या परवानगीने हे केलंस?"

"दादा, साहेब ओरडत नाहीत रे. हळू बोलतात. त्याचंच तर भ्या वाटतं."

मी हळू विचारलं. ती टॉवेल हातात धरून खाली बसली. "थकले रे मी," म्हणाली. "चांगली म्हणून निघायचं होतं. तेवढंच एक हवं होतं मला."

मी कागद-पेन आणून तिच्यापुढे ठेवलं. दोघं 'एम सात'चं वर्णन लिहायला बसलो. जागा अडीचशे अक्षरांची. मी सांगितलं, "लिही, ज्या गृहात एका दुर्बल जिवाचा श्वास विजेच्या नाजूक धाग्याला लटकलेला आहे..."

"दादा, हे वाचणारा माणूस घाईत असतो. तोवर त्याने खटका ओढलेला असेल." तिने स्वतःच लिहिलं: 'घरात श्वासाचे मशीन चालू आहे. वीज बंद करण्याआधी फोन करा. उत्तर येईपर्यंत बंद करू नका.'

दुसऱ्या दिवशी तिने कारण लिहून दिलं. कॉलम मी केला, परवानगी घेतली नाही, वर्णन लिहिलं नाही, चूक माझी. साहेबांनी ते हळूच वाचलं आणि हळूच सही केली. यादी परत आली, दुरुस्त होऊन गेली. फाइलवर शेरा पडला: विनापरवानगी बदल. निरोपाच्या दिवशी स्वच्छ सेवेचं जे चौकटीतलं मानपत्र देतात, ते तिला देता आलं नाही. साहेबांनी फुलं दिली, दोन वाक्यं बोलले आणि नजर चुकवून निघून गेले. ती टेबलाचे खण रिकामे करत बसली. मी दाराजवळ माझ्या खुर्चीवर.

नवी यंत्रणा त्याच दुपारी तपासायला सुरू केली होती. चार वाजता एका भागाची वीज जायची होती. फोनवाल्या मुलीने पडद्यावर नजर टाकली, ओठ हलवत काहीतरी वाचलं आणि फोन उचलला. "काकू, वीज कार्यालयातून बोलतेय. चारला वीज जाईल, दोन तास. मशीन बॅटरीवर टाका. टाकलंत? थांबते मी, बघून या."

धाकटी खण अर्धा उघडा ठेवून ऐकत राहिली. मुलगी फोन धरून थांबली होती. पंखा कण्हत होता. मग मुलगी म्हणाली, "हां काकू, बरं," आणि पुढच्या घराचा नंबर फिरवला.

धाकटीने खण बंद केला, खुर्चीच्या पाठीला धरून उठली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"दादा, पिशवी आज तू धर. हात गेलेत माझे."