पाच गोल खाल्ले, तरी चांदभाई बाहेरच

बायांनो, आज मुरूमच्या मैदानावरून आले ती डोकं धरूनच बसले. निजामाचं राज गेलं त्या धामधुमीत आपली हॉकीची टीम मोडली, आता नव्यानं उभी करताहेत. गोलात कोण, तर कप्तानाचा मेव्हणा! पाच गोल खाल्ले.

जुना गोलकीपर चांदभाई कडेला बसलेला. मुसलमान म्हणून कुणी बोलावलंच न्हाय. मेव्हण्याचे पॅड सुटले, म्या गोधडीच्या कापडाचे शिवलेले, ते चांदभाईनंच जाऊन बांधले.

म्या ओरडले, "कप्तान, बांधायला चालतो, मग खेळायला का न्हाय?"

"मावशी, दिवस वाईट हायत."

चांदभाई म्हणाला, "जाऊ द्या मावशी."

लई थकले बघा. पुन्हा जाणार न्हाय म्हणते, पण पाय ऐकायचे न्हाईत. तुमीच सांगा, आपलाच माणूस कडेला बसवून टीम उभी राहते व्हय?