गळ काढणारे आमचे साडू

गोदावरीच्या काठावर आजवर जेवढी माणसं गळ टाकून बसली असतील, त्यांत मासा लागण्यापेक्षा माणूस अडकण्याची जास्त वाट बघणारा गृहस्थ एकच असेल, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळता सांभाळता बडे बाबू झाले आणि त्याच खुर्चीवरून निवृत्त झाले. घर शुद्ध शाकाहारी. असा माणूस दर रविवारी विष्णुपुरीच्या पाण्यावर मासे धरायला कशाला जातो, हे कोडं त्यांच्या घरात कुणालाही सुटलेलं नाही. चुकून मासा लागलाच, तर ते त्याची विचारपूस केल्यासारखे चार शब्द बोलून त्याला परत पाण्यात सोडतात, आणि घरी आल्यावर मागच्या दारी आंघोळ केल्याशिवाय ताई त्यांना चहा देत नाहीत. मी मूळचा लातूरचा. पाणी दिसलं की आधी भरून ठेवावं एवढंच आम्हाला ठाऊक. त्याच्या काठी नुसतं बसताही येतं, हे नांदेडला बदली झाल्यावर मला साडूंनी शिकवलं.

त्यांची काठी साधी, बांबूची. सगळा थाट बॅगेचा. निवृत्तीच्या समारंभात मिळालेली काळी ब्रीफकेस ते नदीवर नेतात, आणि नवखा माणूस समजतो की कुणी वकील पक्षकाराला शोधत आलेत. आत कागदांच्या कप्प्यात लांब तोंडाची पक्कड, तार तोडायचं कटर, जाड धाग्याचं रीळ, साबणाची वडी, उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली, पट्ट्या, मलम आणि वेल्डिंगवाल्याकडून आणलेला एक चष्मा. गळ तोडताना तुकडा उडून डोळ्यात जाऊ नये म्हणून तो चष्मा. कटरवर त्यांचा विशेष जीव. ते विकत आणलं त्या दिवशी चाचणी म्हणून त्यांनी अंगणातली कपडे वाळत घालायची तार तोडली, तीही ओल्या चादरींसकट. ताई पुढे बरेच दिवस त्यांच्याशी मोजकंच बोलत होत्या. साडूंना त्याचं काही नव्हतं, कटर उत्तम निघालं होतं.

त्यांचं शास्त्र पक्कं आहे, हे मी चेष्टा बाजूला ठेवून सांगतो. गळाच्या टोकापाशी एक उलटा काटा असतो. घाबरून गळ मागे ओढला की तो मांस फाडत येतो. म्हणून टोक पुढे ढकलून कातडीबाहेर काढायचं, काटा कटरने तोडायचा आणि उरलेला गळ आला त्या वाटेने परत न्यायचा. वरवर रुतला असेल तर गळाची दांडी खाली दाबून त्याला बांधलेल्या धाग्याने एक हिसका. डोळ्याजवळ लागला तर मात्र हातही लावायचा नाही, वर कागदी कप झाकायचा आणि थेट दवाखाना गाठायचा. हे सगळं ते वांग्यावर करून दाखवत. आमच्याकडे सत्यनारायणाला आले असताना त्यांनी स्वयंपाकघरात जमलेल्या बायकांना असंच प्रात्यक्षिक दाखवलं. त्यातलं एक वांगं चुकून तसंच टोपलीत राहिलं आणि मसाला भरताना माझ्या बायकोच्या हाताला गळ लागला. साडूंचा चेहरा असा उजळला की तिला दुखतंय हे आम्ही सगळेच विसरलो.

गोची एकच होती. गळ काढण्याआधी ते बोलत. देगलूरकडचा एक अडत्या पाहुणा म्हणून आला होता, त्याच्या अंगठ्यात गळ रुतला. साडूंनी त्याला सावलीत बसवलं, बॅग उघडली, सगळी हत्यारं रुमालावर मांडली आणि भोवती जमलेल्यांना गळाचे प्रकार समजावून द्यायला सुरुवात केली. तो बिचारा मराठी, तेलुगू अशा दोन्ही भाषांत देवाचं नाव घेत होता. शेवटी म्हणाला, "सायेब, हे काढा न आधी. मंग मी सांजेपर्यंत ऐकतो." गळ निघाल्यावरही सुटका नसे. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला ते स्वतः स्कूटरवर घेऊन जात, सुई टोचलेली डोळ्यांनी बघत आणि मग आठवडाभर रोज फोन करून विचारत, सूज आहे का, ताप आहे का, तुम्ही तेव्हा ओढायला कामून गेलता. त्यामुळे काठावरचे लोक त्यांना दुरून येताना पाहिले की उगाच हात खिशात घालत. आम्ही यावर पोट धरून हसायचो.

त्यांचे पाण्यावरचे कायमचे सोबती म्हणजे आमच्या चौकातले टेलर मास्टर. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या शेरवान्या शिवायचं काम. साडू बोलत आणि मास्टर ऐकत, या पायावर ती दोस्ती इतकी वर्षं उभी होती. साडूंचा प्रत्येक सदरा मास्टरांच्या हातचा, आणि मास्टरांच्या दुकानाची कुठलीही सरकारी भानगड साडूंच्या हातची. मास्टरांना शुगर होती. साडू त्यांना चहात साखर घालू देत नसत.

गेल्या थंडीतली गोष्ट. मास्टर जरा लांब, बाभळीखाली बसले होते. आम्ही चहाला बोलावलं तेव्हा ते आले आणि डाव्या हातात कप धरून प्यायला लागले. साडूंनी विचारलं, डाव्या हातानं पिऊन राहिले? मास्टर म्हणाले, उजव्याला कणीक लागलीय. गळाला लावायची कणीक सगळ्यांच्याच हाताला लागलेली असायची, त्यामुळे साडूंनी पुढे विचारलं नाही. ते मला पक्कडीला गंज चढू नये म्हणून काय करावं ते सांगत होते.

मास्टरांच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटात गळ गेला होता. रुमाल दातात धरून त्यांनी तो स्वतःच मागे ओढून काढला होता. घरीही कुणाला सांगितलं नाही. शुगरच्या अंगात ते बोट आतल्या आत नासत गेलं, आणि दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांना ते कापावं लागलं. ज्या बोटाच्या आधाराने कात्री चालायची, तेच बोट.

साडूंबरोबर मी दवाखान्यात गेलो होतो. ते पलंगाच्या कडेला बसले. मग म्हणाले, "मला कामून नाही सांगितलं मास्टर? बॅग तिथंच होती न."

मास्टर हसले. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणून ते जास्तच लागलं. "साहेब, त्या दिवशी लई परेशान होतो. घरी पोरीचं सासरशी बिनसलं होतं. जरा चूप बसावं म्हणून पाण्यावर आलतो. तुम्हाला हात दावला असता तर तुम्ही काढला असता, हाव. पन बोलून राहिले असते दिवसभर. म्हटलं, आज न्हाई."

साडूंनी मान हलवली. इतकी वर्षं ज्या प्रसंगासाठी ते बॅगेचं ओझं वाहत होते, तो त्यांच्या शेजारी येऊन, चहा पिऊन निघून गेला होता, आणि त्याला हाकलणारे तेच होते. मला त्यांचा इतका कळवळा पूर्वी कधी आला नव्हता. परतताना स्कूटर मी चालवली.

मास्टर आता दुकानात बसतात, मापं घेतात, कापतो पुतण्या. पाण्यावर येत नाहीत. दिवाळीला साडू नेहमीप्रमाणे सदऱ्याचं कापड घेऊन गेले, तर मास्टरांनी ते हातात धरून पाहिलं, पोत छान आहे म्हणाले, आणि परत दिलं. "आता हात साफ न्हाई राहिला साहेब. दुसरीकडं टाका." साडूंनी दुसरीकडे टाकलं नाही. कॉलर विरलेले जुनेच सदरे ते घालतात. ताईंनी त्यावर बोलणं सोडून दिलं आहे.

साडू अजून रविवारी पाण्यावर जातात, कारण घरी बसून काय करायचं हे त्यांना सुचत नाही. बॅग असते, पण हल्ली ती झाकलेलीच असते आणि तेही गप्प असतात. बाभळीखालची जागा रिकामी ठेवून आम्ही अलीकडे बसतो. परवा दोरी सोडवताना माझ्या तळहातात गळ शिरला. सवयीने हात खिशाकडे जात होता. मी तो थांबवला आणि मुद्दाम चालत जाऊन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा लावला, साबणाने माझा हात धुतला, कटर काढलं. आता सुरू होईल म्हणून मी वाट बघत राहिलो. खरं सांगतो, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला ते सगळं पुन्हा, अगदी गळाच्या प्रकारांपासून ऐकायचं होतं. ते एक शब्द बोलले नाहीत. हात आपल्या मांडीवर ठेवून त्यांनी नुसता धरून ठेवला, आणि मान वर न करता विचारलं, "दुखून राहिलं का?"

हा प्रश्न त्यांनी आजवर कुणालाच विचारला नव्हता. मी हो म्हणालो, आणि कटर खाली ठेवून ते थांबले.